फिशटँकचा वास: आधी हुंगा, मग हात घाला

फिशटँकला वास येतो म्हणून कुणी विचारलं, की मी त्यांना सर्वात आधी झाकण उचलून पाण्याजवळ नाक न्यायला सांगते. लोक हसतात. पण वास कसला आहे हे कळल्याशिवाय बादली उचलण्यात अर्थ नाही.

चांगल्या चाललेल्या टाकीलाही वास असतो. तो ओल्या मातीचा असतो, कारण मातीच्या वासामागचं जिओस्मिन हे द्रव्य पाण्यातले सूक्ष्मजीवही तयार करतात. एक लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम जिओस्मिन असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. हा वास झाकणाच्या आत राहतो, त्याची काळजी नको. खोलीत पाऊल टाकताच वास आला, तर मात्र काहीतरी कुजतंय असं समजा. अशा वेळी सुगंधी फवारा अजिबात मारू नका. हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे फवारा थेट माशांपर्यंत पोचतो.

वास सडक्या मासळीचा असेल, तर मासे मोजा. एखादा कमी भरला, तर फिल्टरच्या मागे, लाकडाच्या खाली, झाडांच्या बुडाशी शोधा. टाकीच्या मागची फरशीही बघा, कारण काही मासे उडी मारून बाहेर पडतात. सगळे मासे जागेवर असतील, तर गोगलगायींवर संशय घ्या. एकाच जागी पडून राहिलेली गोगलगाय उचलून हुंगा. जिवंत असेल तर काही जाणवणार नाही आणि मेलेली असेल तर दुसऱ्यांदा हुंगायची इच्छा होणार नाही. मेलेला जीव काढल्यावर त्याच दिवशी पाव हिस्सा पाणी बदला.

सडक्या अंड्याचा वास वाळूतून येतो. थर जाड आणि घट्ट झाला, की खाली ऑक्सिजन पोचत नाही. मग तिथले जिवाणू पाण्यातलं सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. काचेतून बघितलं तर वाळूत काळे पट्टे दिसतात, काडी खुपसली की बुडबुडे येतात. हा वायू माशांना विषारी असतो, त्यामुळे सगळी वाळू एकदम उकरू नका. पंप पूर्ण वेगाने चालू ठेवा, एका वेळी एकच कोपरा हलवा आणि सायफनने, म्हणजे पाणी खाली बादलीत ओढणाऱ्या नळीने, तिथला गाळ ओढून घ्या. माझ्या टाकीत बारीक वाळूचा थर मी तीन-चार सेंटीमीटरच्या वर जाऊ देत नाही. शिवाय ट्रम्पेट गोगलगायी सोडल्या आहेत, त्या वाळूतच राहतात आणि ती सतत वरखाली करतात. बंद डब्याचा फिल्टर असेल आणि वीज कित्येक तास गेली असेल, तर हाच प्रकार त्या डब्यात होतो. वीज आल्यावर तो तसाच सुरू करू नका. आधी आतलं पाणी मोरीत ओता, स्पंज टाकीच्या पाण्यात हलवून घ्या, मग बटण दाबा.

तिसरा वास दलदलीचा. त्याच्यासोबत वाळूवर किंवा पानांवर निळसर हिरवा, बुळबुळीत थर दिसेल. बोटाने ओढला तर सायीसारखा अखंड निघतो. लोक त्याला शेवाळ म्हणतात, पण ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू आहेत. निघेल तेवढा थर सायफनने काढा आणि तीन-चार दिवस टाकी जाड कापडाने पूर्ण झाका. दिवे बंद, पण हवेचा पंप चालू. नंतर पाणी बदला आणि ज्या कोपऱ्यात प्रवाह पोचत नाही तिकडे फिल्टरचं तोंड वळवा. एरवीही दिवा दिवसाला सहा ते आठ तासच पुरे. खिडकीतलं थेट ऊन टाकीवर येऊ देऊ नका.

वासावर औषध म्हणून बरेच जण फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन भरतात. तो पाण्यातला वास आणि पिवळेपणा शोषतो हे खरं, पण मेलेली गोगलगाय आत तशीच असेल तर ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होतं. कार्बन साधारण महिन्याभरात निकामी होतो, अमोनिया तो काढत नाही आणि माशांना दिलेलं औषध मात्र शोषून घेतो. मी तो कपाटात ठेवते, क्वचित वापरते.

टाकी खरी स्वच्छ ठेवतात ते फिल्टरमधले जिवाणू. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना घातक, नायट्रेट त्या मानाने सौम्य. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या गटाचं नाव नायट्रोबॅक्टर असं असतं, पण 1998 साली गोड्या पाण्याच्या टाक्यांवर प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथे नायट्रोस्पायरा सापडले. माशांना अर्थात नावाशी काही देणंघेणं नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की हे जिवाणू स्पंजवर, खड्यांवर, वाळूवर चिकटून राहतात आणि नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात पाणी दुधाळ दिसलं म्हणून सगळं उपसू नका, उपसलंत तर तोच खेळ पुन्हा सुरू होतो.

म्हणूनच मासे बादलीत काढून, वाळू-दगड-स्पंज सगळं नळाखाली खसाखसा धुऊन टाकी लखलखीत करण्याच्या पद्धतीवर माझा राग आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं, मग टाकी दिसते स्वच्छ आणि अमोनिया चढत जातो. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. चार-पाच वेळा पिळा, पाणी नीट वाहू लागलं की थांबा. तपकिरी राहिला तर राहू द्या. नवा घालायचा असेल, तर काही आठवडे जुन्याच्या शेजारी ठेवा, मगच जुना काढा.

आठवड्याचं काम फार नाही. 60 × 30 × 30 सेंटीमीटरच्या टाकीत हिशेबाने 54 लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली, की पंचेचाळीसच्या आसपास उरतं. त्याचा पाव हिस्सा म्हणजे एक मध्यम बादली. त्यासाठी वेगळी बादली ठेवा, साबण कधीही न लागलेली. आधी हीटरचा प्लग काढा, कारण पाण्याबाहेर तापलेली काच तडकते. मग काच खरवडा. काचेच्या टाकीला जुनं प्लास्टिकचं कार्ड उत्तम चालतं. पिवळी पानं कापून बाहेर काढा. 1850 च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिले, तेव्हा कुजक्या पानांनीच त्याचं पाणी बिघडवलं होतं. शेवटी त्याला गोगलगायी सोडाव्या लागल्या. आपल्याकडे कात्री आहे.

यानंतर सायफन. नळी वाळूच्या अगदी वर फिरवा, खडी असेल तर आत खुपसा. नवं पाणी भरण्याआधी त्यात क्लोरीन घालवणारं द्रावण टाका. उघड्या बादलीत हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा) लावून दिवसभर ठेवलं तरी क्लोरीन उडून जातं, पण काही ठिकाणी नळाच्या पाण्यात त्याऐवजी असलेलं क्लोरामाइन तसं उडत नाही, त्याला द्रावणच हवं. बादलीत आणि टाकीत हात घालून बघा, दोन्हीकडे पाणी सारखंच लागलं पाहिजे.

महिनोनमहिने हात न लावलेली टाकी तुमच्या गळ्यात पडली, तर धीर धरा. अशा पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, खाली म्हणजे जास्त आम्ल) खाली आलेला असतो आणि अमोनिया कमी विषारी रूपात साठलेला असतो. ताजं पाणी भरपूर ओतलं की पीएच वर जातो आणि तोच अमोनिया जहाल होतो. रोज दहा टक्के, आठ-दहा दिवस, असं बदला. अमोनिया आणि नायट्राइट तपासणीच्या संचात शून्य दिसायला हवेत. नायट्रेट मी 40 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली ठेवते.

खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच. घरात चौघं असतील, तर चौघंही प्रेमाने चिमूट टाकतात आणि मासे दर वेळी उपाशी असल्याचं नाटक करतात. मी सकाळीच एका लहान डबीत दिवसभराचं खाद्य काढून ठेवते. डबी रिकामी, म्हणजे जेवण झालं. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी मोठ्या माशांचं काही बिघडत नाही. आणि टाकी साफ करायला म्हणून प्लेको, म्हणजे काचेवरचं शेवाळ खाणारा मासा, आणू नका. साधा प्लेको वाढून फूटभराच्या वर जातो आणि त्याची विष्ठा काढायला तुम्हीच सायफन घेऊन बसता.

पाण्यावर तेलकट तवंग आला, तर कागदी रुमाल अलगद पसरून उचला आणि पृष्ठभाग हलत राहील असं फिल्टरचं तोंड वर करा.

सगळं करूनही वास राहिला, तर झाकण उलटं करून बघा. खाद्य टाकायच्या फटीपाशी ओली भुकटी चिकटून कुजलेली असते. ती पुसा, क्षारांचे पांढरे डाग पांढऱ्या व्हिनेगरने काढा आणि झाकण साध्या पाण्याने धुऊनच परत ठेवा. टाकीखालचा फोम आणि स्टँडची फळीही चाचपून बघा, सांडलेलं पाणी तिथे मुरतं.

हाताला जखम असेल तर हातमोजे घाला आणि सायफनची नळी तोंडाने ओढू नका. टाकीच्या पाण्यातल्या मायकोबॅक्टेरियम मरिनम या जिवाणूने त्वचेवर महिनोनमहिने न भरणाऱ्या गाठी येतात. काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि नळी उभी टांगून वाळवा. ओली गुंडाळून कपाटात कोंबली, तर पुढच्या आठवड्यात वास तिलाच येईल आणि आळ टाकीवर जाईल.