खानापूरहून इमॅजिका, वंडरला: बुकिंग कुठल्या क्रमानं करावं

इमॅजिका, वंडरला या करमणुकीच्या पार्कांना जायचं तर बेळगावकडच्या आपल्या सीमाभागात राहण्याचा एक फायदा आहे, तो आधी वापरा. आपल्या मराठी शाळासुद्धा कर्नाटकाच्या वेळापत्रकावर चालतात. आपली उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागते, तेव्हा महाराष्ट्रातली पोरं अजून परीक्षेत असतात. आपल्याला मोठी सुट्टी दसऱ्याची, त्यांना दिवाळीची. म्हणून घरातल्या भाचरांना घेऊन एप्रिलात किंवा दसऱ्याच्या सुट्टीत जायचं तर मी खोपोलीजवळचं इमॅजिका धरते, तेही मधल्या वारी. खुद्द दसऱ्याचा दिवस सोडून. त्याच दिवसांत बेंगळूरजवळच्या बिडदीच्या वंडरलाला गेलात तर अख्ख्या कर्नाटकातली पोरं तुमच्या पुढं रांगेत असतात. शनिवार-रविवारी दरही चढे असतात.

तारीख ठरली की आधी गाडीचं बघा, पार्कचं तिकीट नंतर. पार्कात जागा मिळेल, वंडरलासाठी बेंगळूरला नेणाऱ्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये सुट्टीत मिळत नाही. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, सकाळी ८ वाजता. दिवस मोजून कॅलेंडरवर खूण करा. बेंगळूरला उतरल्यावर बिडदीकडं साध्या सिटी बसनं गेलात तर कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, मात्र कर्नाटकाच्या पत्त्याचं आधार कार्ड जवळ हवं.

इमॅजिकाला आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर करतो. रात्री जेवून निघालं की गेट उघडायच्या आत पोचतो. मालकाला पहिला प्रश्न विचारा, गाडीला महाराष्ट्राचं परमिट आहे का? सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडताना हा विषय निघायला नको.

आता तिकीट. बुकिंगच्या आदल्या रात्री पोरांना भिंतीला उभं करून उंची मोजा, कारण लहानांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. वंडरलाला ८५ सेंटिमीटरच्या आतलं मूल फुकट आणि १४० पर्यंत लहानांचा दर. वर्षभरात पोरं भराभर वाढतात, मागच्या उन्हाळ्याचा आकडा धरू नका. आणि घरात माप घेतलं की कुठल्या मोठ्या पाळण्यात कोण बसू शकणार नाही हेही तिथंच कळतं. गेटवर रडारड होण्यापेक्षा घरी समजूत घालणं कितीतरी बरं.

इमॅजिकाचं थीम पार्क वेगळं, वॉटर पार्क वेगळं, स्नो पार्क वेगळं. कुठलं निवडलंय ते पैसे भरण्याआधी मोठ्यानं वाचा. वंडरलाच्या एकाच तिकिटात कोरडे आणि पाण्यातले दोन्ही खेळ येतात. कॉलेजची पोरं बरोबर असतील तर विद्यार्थी सवलत बघा, ओळखपत्र मूळचं लागतं.

सगळ्यांचे पैसे आधी हातात घ्या, मगच बुकिंग करा. तारीख बदलता येते का, पैसे परत मिळतात का, तो मजकूर छोट्या अक्षरात असला तरी वाचाच. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर हे फार महत्त्वाचं, ताप कुणाला विचारून येत नाही.

तिकिटाचा क्यूआर कोड फोनमध्ये साठवून ठेवा आणि झेरॉक्सच्या दुकानात एक प्रिंट काढा. तिकिटाबरोबरच कपड्यांचंही बघा: पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. ते बेळगावातच घ्या, पार्कात महाग पडतात.