'माहीत नाही' म्हणायचं ते सायकल स्टार्टचं बटण दाबण्याआधी

नाशिकच्या सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या मुसळगावात सीएनसी लेथवर (संगणकाच्या आज्ञांवर धातू कातणाऱ्या मशीनवर) नव्याने उभ्या राहिलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात एक प्रश्न सारखा ऐकू येतो : "समजलं ना?" मान डोलते, तोंडातून "हो" निघून जातं आणि सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा अनुभवी कारागीर, पुढच्या मशीनकडे वळतो. निम्मं रिजेक्शन (नापास होणारा माल) त्या 'हो'मध्येच दडलेलं असतं. माहीत नाही असं सांगायला धीर लागतो हे खरं; पण ते नेमकं कसं सांगायचं याचीही एक रीत आहे आणि ती कोणी शिकवत नाही.

एक उदाहरण नीट बघा. ड्रॉइंगवर २५ एच ७ चा बोअर (आतलं गोल भोक) आहे. म्हणजे माप २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत हवं. मोकळीक अवघी २१ मायक्रॉनची. पहिला पीस २४.९७ आला. बोअर ०.०४ ने वाढवायचा, इथपर्यंत कळलं. वेअर ऑफसेटच्या, म्हणजे टूलच्या झिजेनुसार माप सुधारण्याच्या, पानावर त्या टूलच्या एक्सपुढे (व्यासाच्या रकान्यात) आधीच उणे ०.१२० दिसतंय. फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर आता दोन पर्याय असतात. ०.०४ टाइप करून 'प्लस इनपुट' दाबलं तर ते जुन्या आकड्यात मिळवलं जातं : उणे ०.०८०. तोच पीस पुन्हा चालवला की बोअर २५.०१ च्या आसपास येतो. नुसतं 'इनपुट' दाबलं तर जुना आकडा पुसला जाऊन तिथे अधिक ०.०४० बसतो. म्हणजे बोअर ०.१६ ने वाढणार, २५.१३ होणार. शाफ्ट जाड राहिला तर आणखी एक कट घेता येतो. मोठ्या झालेल्या बोअरात धातू परत भरता येत नाही. पीस थेट नापास मालाच्या लाल पेटीत.

या जागी सेटरला "दादा, जमत नाहीये" एवढंच सांगितलं, तर तो येईल, स्वतः बटण दाबेल आणि जाईल. काम झालं, तुम्ही होता तिथेच. त्याऐवजी असं सांगा : "दादा, एच ७ चा बोअर २४.९७ आलाय, ०.०४ वाढवायचाय. वेअरला उणे ०.१२० आहे. प्लस इनपुट की इनपुट, खात्री नाही. मशीन थांबवलंय." यात कळलेलं किती, अडलंय कुठे आणि धोका टाळलाय की नाही, तिन्ही येतं. उत्तर मिळालं की बटण तुम्हीच दाबा, त्याला शेजारी उभं राहू द्या. दाबण्याआधी "आता इथे उणे ०.०८० दिसायला हवं" हेही बोलून दाखवा. नंतर खिशातल्या डायरीत दोन ओळी लिहा. एकदा विचारणाऱ्यावर कोणी चिडत नाही; तीच गोष्ट चौथ्यांदा विचारली की चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही.

मापनातही हेच. शून्य दशांश शून्य दोनच्या व्हर्नियरचा एक भाग म्हणजे २० मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ सगळी टॉलरन्स (मोकळीक) एका रेघेत. त्या व्हर्नियरवर हा बोअर पास करणं म्हणजे अंदाज बांधणं. बोअर गेज (भोक मोजायचं साधन) सेटिंग रिंगवर (नेमक्या मापाच्या कड्यावर) शून्य करता येत नसेल तर ते सांगाच. हे न सांगितलेलं अज्ञान फार महागात पडतं, कारण रजिस्टरमध्ये आकडे सुंदर दिसतात आणि माल ग्राहकाच्या जुळणीत अडकतो.

ड्रॉइंगची एक गोष्ट तर विचारायचं सुचतच नाही. आयटीआयमध्ये आपण ड्रॉइंगची चित्रं मांडायची फर्स्ट अँगल पद्धत शिकतो. अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग सहसा थर्ड अँगलमध्ये असतं. फर्स्ट अँगलमध्ये उजवीकडे काढलेलं चित्र हे जॉबच्या डाव्या बाजूचं असतं, थर्ड अँगलमध्ये उजव्याच. खाच भलत्या अंगाला पडते ती यामुळे. टायटल ब्लॉकमधलं कापलेल्या शंकूचं चिन्ह आधी बघा. ओळखता आलं नाही तर क्वालिटीवाल्यांना विचारा.

स्वतः शोधायला वेळ किती घ्यावा? मशीन उभं असेल तर पाच मिनिटं पुरे : ड्रॉइंग, सेटअप शीट, मागच्या शिफ्टची नोंद. अलार्म आला तर रीसेट दाबण्याआधी त्याचा नंबर आणि मजकूर लिहून घ्या, नाहीतर विचारताना नेमकं काय ते सांगता येत नाही. चकचं (जॉब पकडणाऱ्या जबड्याचं) प्रेशर, ओव्हरट्रॅव्हल (हद्दीबाहेर सरकणं), दरवाजाचा इंटरलॉक (सुरक्षा-कुलूप) यांत मात्र स्वतः शोधत बसू नका. लगेच हाक मारा, शिफ्ट बदलायला पाच मिनिटं उरली असली तरी.

मुलाखतीत "सेटिंग येतं का?" असं विचारलं तर हो-नाहीच्या मधलं खरं उत्तर द्या : पाहिलंय, कोणाच्या तरी हाताखाली केलंय, की एकट्याने केलंय. ऑडिटरने विचारलं आणि आठवलं नाही तर "कंट्रोल प्लॅनमध्ये लिहिलंय, दाखवतो" हे पूर्ण उत्तर आहे. मात्र तो प्लॅन (काय, कसं तपासायचं याचा तक्ता) कुठे लावलाय ते माहीत हवं.

आणि चूक होऊन गेली असेल तर पीस लॉटमध्ये (एकत्र बनलेल्या मालात) सरकवू नका. बाजूला काढा, टॅग लावा आणि शेवटचा ओके पीस कितवा होता ते इन्स्पेक्टरला सांगा. तो आकडा बरोबर मिळाला तर त्याच्यापुढचे दहा-वीस पीस पुन्हा मोजून भागतं. नाही मिळाला तर अख्खा लॉट मोजावा लागतो.