पहिला हंगाम फसला, पण खेळाडू? नवोदित बास्केटबॉलपटू जोखताना या चुका टाळा

एनबीए ही उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडणं. २०१३ च्या ड्राफ्टमधली दोन नावं शेजारी ठेवून बघा. अकराव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने घेतलेला मायकेल कार्टर-विल्यम्स आणि पंधराव्या क्रमांकावर मिलवॉकीने घेतलेला यानिस आंतेतोकुम्पो. पहिल्या हंगामाअखेर एकाच्या नावावर सामन्यामागे १६.७ गुण, ६.३ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास), ६.२ रिबाउंड (हुकलेले चेंडू पकडणं) आणि ‘रुकी ऑफ द इयर’चा, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान. दुसऱ्याचे गुण ६.८. पहिल्याला तसा हंगाम पुन्हा कधीच जमला नाही. दुसरा २०१९ आणि २०२० असा लागोपाठ दोनदा एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि २०२१ मध्ये त्याने मिलवॉकीला विजेतेपद मिळवून दिलं.

ही गोष्ट ऐकून काही जण म्हणतात, मग पहिल्या हंगामाला काही अर्थच नाही. काही जण आपल्या संघातल्या प्रत्येक अडखळणाऱ्या पोरात यानिस शोधायला लागतात. माझ्या मते दोन्ही चूक. पहिल्या हंगामात भरपूर माहिती असते, फक्त ती गुणांच्या रकान्यात सापडत नाही. आकडे खराब का आले, आणि ते कारण पुढच्या वर्षीही उरणार आहे का, हे शोधावं लागतं. नव्या खेळाडूकडे बघताना मी हाच एक प्रश्न धरून असतो, आणि खालच्या बहुतेक चुका तो न विचारल्यामुळे होतात.

मिनिटं न बघता सरासरी वाचणं

रूडी गोबेर त्याच ड्राफ्टमधला, क्रमांक २७. युटाहसाठी पहिल्या वर्षी ४५ सामने, सामन्यामागे साडेनऊ मिनिटं, २.३ गुण. एवढंच वाचलं तर माणूस पुढच्या नावाकडे वळेल. पण त्याच्या पुढे डेरिक फेव्हर्स आणि एनेस कँटर असे दोन तरुण, उंच खेळाडू होते आणि संघाची भिस्त त्यांच्यावर होती. मिळालेल्या साडेनऊ मिनिटांत गोबेर जवळपास एक ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) करत होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये कँटर ओक्लाहोमा सिटीला गेला, जागा मोकळी झाली, आणि पुढे २०१८ ते २०२४ या काळात गोबेर चार वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. इथे खराब आकड्यांचं कारण खेळाडूत नव्हतं, रांगेत होतं. रांग कधी ना कधी सरकते.

मात्र दहा मिनिटांचे आकडे, मुख्य खेळाडू साधारण खेळतो त्या ३६ मिनिटांवर ताणून बसवायचे आणि खूश व्हायचं, हेही करू नका. निकाल लागून गेलेल्या सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत, समोर राखीव खेळाडू असताना केलेले सहा गुण आणि चुरशीच्या सामन्यातले सहा गुण सारखे नसतात.

याची दुसरी बाजू कार्टर-विल्यम्सची. त्या वर्षी फिलाडेल्फियाने १९ सामने जिंकले आणि ६३ हरले, त्यात सलग २६ पराभव. संघ अतिशय वेगाने खेळत होता आणि चेंडू जवळपास सतत त्याच्याच हातात होता. हरणाऱ्या संघाचे गुणही कुणाच्या तरी नावावर लागतातच. त्याची फील्ड गोलची (चालू खेळातल्या सगळ्या शॉट्सची) टक्केवारी होती ४०.५, थ्रीची (लांबून मारायच्या तीन गुणांच्या शॉटची) २६.४, आणि वय २२. म्हणजे आकडे चांगले दिसण्याचं कारण तात्पुरतं होतं आणि नेमबाजीचा दोष कायमचा. पुढच्याच फेब्रुवारीत फिलाडेल्फियाने त्याला दुसरीकडे पाठवलं, तेव्हा अनेकांना धक्का बसला. नुसते गुण वाचणाऱ्यांना तो बसणारच होता.

थ्रीच्या टक्केवारीवर शिक्का मारणं

मला वाटतं सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो.

डर्क नोविट्झकी १९९८ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्गहून आला, तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून. त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या वादामुळे टाळेबंदी होती. हंगाम फेब्रुवारीत सुरू झाला, ५० सामन्यांचा. सरावाला धड वेळ मिळाला नाही. नोविट्झकीने पहिल्या वर्षी ६८ थ्री मारले, १४ आत गेले. टक्केवारी २०.६. मऊ, परदेशी, एनबीएत टिकणार नाही, असं बोललं गेलं. दुसऱ्या वर्षी तीच टक्केवारी ३७.९ झाली आणि गुण ८.२ वरून १७.५.

आता हिशेब करा. ६८ पैकी १४ ऐवजी २४ आत गेले असते तर टक्केवारी ३५ च्या वर गेली असती. नेमबाज म्हणून निकालात निघणं आणि चांगला नेमबाज ठरणं यात फरक फक्त दहा चेंडूंचा होता, तोही सत्तेचाळीस सामन्यांत मिळून. एवढ्याशा नमुन्यावरून माणसाचं माप काढता येत नाही.

मग बघायचं काय? पहिलं, फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट. तिथे बचावपटू नसतो, अंतर ठरलेलं असतं, घाई नसते. हाताचं खरं वळण तिथे दिसतं. नोविट्झकी त्या खराब वर्षातही ७७ टक्के फ्री थ्रो घालत होता. दुसरं, तो शॉट घेतो का. मोकळा असताना न डगमगता मारणारा आणि हुकवणारा मुलगा मला चालतो. मोकळा असूनही चेंडू खाली आणून एक ड्रिबल घालणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. तिसरं, हुकलेला चेंडू कुठे जातो. सारखा रिंगच्या पुढच्या कडेवर आदळत असेल तर बहुतेकदा पाय थकलेले असतात, आणि ८२ सामन्यांच्या पहिल्याच वर्षात ते थकतातच. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात असेल तर कोपर आणि मनगट यांचं बघावं लागेल, आणि त्याला वेळ लागतो.

नमुना छोटा असला तरी एखादी खूण मोठी असू शकते, हेही लक्षात ठेवा. मार्केल फुल्ट्झ २०१७ च्या ड्राफ्टचा पहिला क्रमांक. पहिल्या हंगामात फक्त १४ सामने. आकड्यांवरून काहीच सांगता येत नव्हतं, पण कॉलेजात ४१ टक्के थ्री मारणाऱ्या मुलाचा शॉट मध्येच अडकत होता, फ्री थ्रो मारतानासुद्धा. ते दिसताक्षणी ‘नवा आहे, सुधारेल’ म्हणून सोडण्यासारखं नव्हतं. डिसेंबर २०१८ मध्ये निदान झालं: थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम, म्हणजे मान आणि खांद्यामधल्या जागेत नसांवर येणारा दाब. आकडे गप्प असताना हालचालीने आधीच सांगितलं होतं.

शरीराची गोष्ट विसरणं, किंवा तिच्यावरच सगळं ढकलणं

सी. जे. मॅकॉलम २०१३ च्याच ड्राफ्टमध्ये पोर्टलंडला दहाव्या क्रमांकावर मिळाला. जानेवारी २०१३ मध्ये कॉलेजात डाव्या पायाचं हाड मोडलं होतं. ऑक्टोबरमध्ये सराव शिबिरात तोच पाय पुन्हा मोडला. पहिल्या हंगामात ३८ सामने, ५.३ गुण. दुसऱ्या वर्षीही ६.८ च. तिसऱ्या वर्षी जागा रिकामी झाली आणि थेट २०.८ गुण, त्याबद्दल ‘मोस्ट इम्प्रूव्हड प्लेयर’चा पुरस्कार. इथे लक्षात घेण्यासारखं हे की सुधारणा दुसऱ्या वर्षी दिसलीच नाही. ‘दुसऱ्या वर्षी कळेल’ हा नियम सगळ्यांना लागू होत नाही.

आणि त्याच ड्राफ्टचा पहिला क्रमांक, अँथनी बेनेट. खांद्यावर शस्त्रक्रिया होऊन आला होता, वजन वाढलं होतं, दमा आणि झोपेतल्या श्वासाचा त्रास होता. हे सगळं खरं होतं. क्लीव्हलंडसाठी ४.२ गुण, ३५.६ टक्के. पण तब्येत सावरल्यावरही मिनेसोटात फार फरक पडला नाही, आणि चार हंगामांत चार संघ फिरून तो एनबीएबाहेर गेला. मला विचाराल तर अडचण फक्त खांद्याची नव्हती. चपळ फॉरवर्डना अडवायला तो मंद पडायचा आणि उंच खेळाडूंसमोर आखूड. दुखापत बरी होते, पण कुणाला अडवायचं याचं उत्तर तिच्यासोबत मिळत नाही. म्हणून दुखापत बाजूला काढून बघा: हा मुलगा पूर्ण तंदुरुस्त असता तर मैदानावर नेमका कुठे उभा राहिला असता? उत्तर चटकन आलं तर धीर धरा.

बचाव न बघणं

याला वेळ द्यावा लागतो, म्हणून बहुतेक जण हे टाळतात. मी एक पूर्ण सामना फक्त त्या एका खेळाडूवर नजर ठेवून बघतो, चेंडू कुठेही असो. एकच प्रसंग सांगतो, तो प्रत्येक सामन्यात पंधरा-वीसदा येतो. चेंडू उजवीकडे आहे. आपला नवा खेळाडू डाव्या कोपऱ्यातल्या नेमबाजावर आहे. उजवीकडे पिक अँड रोल सुरू होतो: त्यांचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो (हा ‘स्क्रीन’) आणि मग वळून रिंगकडे धावतो. या क्षणी डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूने आत सरकून त्या सेंटरला अंगाने अडवायचं, आणि चेंडू कोपऱ्याकडे फेकला गेला की उलट धावत जाऊन हात वर करायचा.

नोव्हेंबरमध्ये जवळपास प्रत्येक रुकी (पहिल्या हंगामातला खेळाडू) इथे चेंडूकडे बघत उभा असतो. एक सेकंद उशिरा सरकतो आणि डंक होतो. किंवा आत जातो आणि परत यायचं विसरतो, मग कोपऱ्यातून मोकळा थ्री. हा दोष वयाचा आहे, त्याने घाबरू नका. आता मार्चमधला सामना लावा. तो स्क्रीन लागायच्या आधीच मान वळवून आपला माणूस आणि चेंडू दोन्ही बघतोय का? हाताने सहकाऱ्याला खुणावतोय का? परत धावताना शेवटची दोन पावलं छोटी टाकतोय की भरधाव जाऊन समोरच्याच्या फसव्या हालचालीवर उडतोय? नोव्हेंबर आणि मार्चमध्ये फरक दिसला, तर त्याची सरासरी पाच गुणांची असली तरी मी त्याच्या बाजूने उभा राहीन. फरक अजिबात दिसला नाही तर मी सावध होतो, मग गुण कितीही असोत.

टर्नओव्हरचंही, म्हणजे चेंडू गमावण्याचंही, असंच. योग्य माणसाला अर्धा सेकंद उशिरा टाकलेला पास आणि स्वतःच्याच पायावर आपटलेला चेंडू, दोन्ही रकान्यात एकच लागतात. पण पहिली चूक करणारा खेळाडू खेळ वाचतोय.

वय एका ओळीत उरकणं

यानिस ड्राफ्टच्या रात्री १८ वर्षांचा होता, ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळून आलेला, आणि त्याची उंचीसुद्धा अजून वाढत होती. पहिल्या वर्षी ४१.४ टक्के फील्ड गोल, दुसऱ्या वर्षी ४९.१. एकोणिसाव्या वर्षीचे सात गुण आणि तेविसाव्या वर्षीचे सात गुण एका तराजूत घालू नका. तरी वयाला सबब करू नका. यानिसमध्ये त्या वर्षीही दोन गोष्टी उघड दिसत होत्या: अर्ध्या मैदानापासून रिंगपर्यंत मोजक्या ढांगांत पोचणं, आणि धावताना मोकळा सहकारी दिसणं. आज, या पातळीवर, चालणारं एक तरी हत्यार हवं. फक्त लांब हात आणि कमी वय एवढंच सांगता येत असेल तर ती आशा आहे, अंदाज नव्हे.

उन्हाळ्यातल्या समर लीगच्या आकड्यांवरून आणि रिकाम्या जिममधल्या सरावाच्या व्हिडिओंवरून मत बदलू नका. समोरच्यांपैकी बरेच जण पुढच्या हंगामात एनबीएत नसतात, आणि रिकाम्या जिममध्ये सगळेच नेमबाज असतात.

घाईत नारळ देणं

संघांवर घाईचं दडपण असतंच. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूच्या करारात तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाचा निर्णय संघाच्या हातात असतो, आणि तिसऱ्या वर्षाचा निर्णय एकच हंगाम बघून, दुसरा हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, ३१ ऑक्टोबरपर्यंत घ्यावा लागतो. पण अशा कराराची रक्कम ठरलेली आणि तुलनेने कमी असते. एक वर्ष जास्त ठेवून चुकलात तर थोडे पैसे जातात. लवकर सोडून चुकलात तर तो खेळाडू दुसऱ्याच्या संघात मोठा होतो. जर्मेन ओ’नील चार वर्षं पोर्टलंडच्या बाकावर बसला आणि इंडियानाला गेल्यावर सहा वेळा ऑलस्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला.

चॉन्सी बिलप्सला बोस्टनने १९९७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि तोच हंगाम चालू असताना टोरोंटोला देऊन टाकलं. मग डेन्व्हर, मिनेसोटा असं करत तो २००२ मध्ये डेट्रॉइटला पोचला. २००४ मध्ये डेट्रॉइटने लेकर्सना हरवलं तेव्हा अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता. बोस्टनने त्याला पाहिलं होतं ते ५१ सामन्यांपुरतं.