डॅशबोर्डवरचं घड्याळ पुन्हा चालू झालं

माझ्या जुन्या गाडीतलं काट्यांचं घड्याळ कित्येक वर्षं सव्वाचारवर अडकलं होतं. आत क्वार्ट्झ मशीन (हल्लीच्या सेलवरच्या घड्याळांत असतं तसं) बसव, असं अनेकांनी सुचवलं. पण मला मूळची टिकटिकच हवी होती.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग घड्याळ बाहेर घेतलं. या घड्याळात स्प्रिंग असते. ती सैल पडली की दोन पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे धातूचे ठिपके, एकमेकांना टेकतात, कॉइलला (तारेच्या वेटोळ्याला) करंट मिळतो आणि खटकन चावी भरली जाते. दर एक-दोन मिनिटांनी हेच चालतं. बॅटरी उतरली तर झटका अपुरा पडतो, पॉइंट टेकलेलेच राहतात आणि कॉइल तापून जळू शकते. माझी कॉइल शाबूत होती, मल्टिमीटरने तपासली. पॉइंट मात्र काळे ठिक्कर!

६०० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी पॉइंटांमधून हलकेच ओढली, चमक दिसेपर्यंत. डिंकासारखं घट्ट झालेलं जुनं तेल पुसलं आणि सुईच्या टोकाने घड्याळाचं तेल दिलं, अगदी कणभर. गंज सोडवायचा स्प्रे इथे कृपया मारू नका.

टेबलावर १२ व्होल्ट दिले. खट्! बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाची लय राखणारं चाक, डोलू लागलं, आणि मी बराच वेळ नुसता ऐकत बसलो. सध्या दिवसाला तीन मिनिटं पुढे जातंय. ते जुळवणं चालू आहे.