वायरलेस ब्रिजच्या डिश जुळवताना: सिग्नलचे खरे शिखर कसे ओळखावे

वायरलेस ब्रिज म्हणजे दोन ठिकाणांना तारेविना जोडणारी, डिश लावलेल्या रेडिओंची जोडी. हे दोन्ही रेडिओ टेबलावर एकमेकांशी जोडून, 20 मेगाहर्ट्झची वाहिनी ठरवून मगच गच्चीवर न्यावेत. मार्ग पाहताना मात्र समोरचे छप्पर दिसले म्हणून समाधान मानू नये. 5.8 गिगाहर्ट्झवर पाच किलोमीटरच्या अंतरात मधोमध फ्रेनेल क्षेत्राची, म्हणजे दृष्टिरेषेभोवती लहरी पसरतात त्या लांबट जागेची, त्रिज्या सुमारे आठ मीटर असते आणि दृष्टिरेषेभोवती तिचा किमान साठ टक्के भाग, म्हणजे जवळजवळ पाच मीटर, मोकळा लागतो. बेळगावजवळच्या खानापूरकडे पानगळीत सागाच्या शेंड्यांतून आरपार दिसणारी वाट आषाढात बंद होते. या लहरींना पावसापेक्षा ओली पाने अधिक अडवतात.

पाइप ओळंब्यात उभा करून तो भिंतीला पक्का बसवावा.

आता खरे काम. मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबून डिश फिरवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला मान्य नाही, कारण लोखंडी पाइपाजवळ सुई चुकते. नकाशावरून ओळखीची खूण धरावी; येळ्ळूर परिसरात राजहंसगड किल्ला यासाठी उत्तम. त्याआधी अपेक्षित सिग्नलचा हिशेब कागदावर मांडावा. रेडिओची 13 डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचे माप) शक्ती आणि दोन्ही टोकांना 23 डीबीआयच्या (डिश झोत किती एकवटते त्याचे माप) डिश असतील, तर पाच किलोमीटरवरील सुमारे 122 डेसिबलची घट वजा जाऊन उणे 63 डीबीएम मिळायला हवेत; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार.

हा आकडा मी एकदा काढला नव्हता. एका गोदामाच्या छपरावर उणे 79 ला काटा स्थिरावला, डिश जरा इकडेतिकडे केली की सिग्नल उतरे, म्हणून हेच शिखर समजून मी नट आवळले आणि पुढचे दोन दिवस केबल व रेडिओ बदलण्यात घालवले. प्रत्यक्षात ती डिश साइड लोबवर, म्हणजे मुख्य झोताशेजारच्या दुबळ्या झोतावर, अडकली होती. साइड लोबलाही स्वतःचे लहान शिखर असते, म्हणूनच तो फसवतो.

त्यामुळे एका टोकाची डिश अजिबात न हलवता दुसरी डिश अंदाजे दिशेच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश, अगदी सावकाश फिरवावी. दर थोड्या अंतराला थांबून आकडा स्थिर होऊ द्यावा, तो लिहावा आणि पाइपावर पेन्सिलीने खूण करावी. सर्वांत उंच शिखराच्या दोन्ही बाजूंना सिग्नल जिथे सारखाच, समजा तीन डेसिबल, उतरतो, त्या दोन खुणांच्या मधोमध डिश ठेवावी. हेच पुढे वर-खाली करावे आणि मगच दुसऱ्या टोकाकडे वळावे. दोघांनी दोन गच्च्यांवरून एकाच वेळी डिश फिरवू नये. कोणत्या हालचालीने काय बदलले, ते कोणालाच कळत नाही. रेडिओच्या दोन चेनच्या, म्हणजे सिग्नल स्वतंत्रपणे घेणाऱ्या दोन मार्गांच्या, आकड्यांत मोठी तफावत राहिली, तर शोध पुन्हा सुरू करावा.

नट आलटून पालटून, थोडेथोडे आवळावेत आणि प्रत्येक फेरीनंतर आकडा वाचावा, कारण शेवटच्या पिळात डिश सरकते. केबलला रेडिओखाली पाणी निथळेल असा झोल द्यावा.