इटालियन कॉन्चेर्टो वाजवताय? निदान या चुका टाळा

संगीतकार बाखची ‘इटालियन कॉन्चेर्टो’ ही तीन भागांची रचना पियानोवर शिकायला कुणी आलं की पुढच्या दहा मिनिटांत काय बिघडणार हे मला आधीच ऐकू येतं.

सगळ्यात मोठा घोळ ‘फोर्टे’ (जोरात) आणि ‘पियानो’ (हळू) या खुणांचा. १७३५ साली ही रचना छापली गेली ती दोन कीबोर्डांच्या हार्पसिकॉर्ड या जुन्या वाद्यासाठी. त्यात तार छेडली जाते. पट्टी जोरात दाबा की हळू, आवाजात फारसा फरक नाही. म्हणजे फोर्टे हा भारदस्त कीबोर्ड, पियानो हा हलका. इटालियन पद्धतीच्या कुठल्याही कॉन्चेर्टोत आधी सगळा ताफा, म्हणजे वाद्यवृंद, वाजतो, मग एकटा वादक पुढे येतो. तो सगळा खेळ बाखनं एका माणसाच्या दोन हातांत बसवलाय. म्हणून ताफा थांबून एकटा सुरू झाला की उजव्या हाताला फोर्टे आणि डाव्याला पियानो, एकाच वेळी.

एक मुलगा परीक्षेला तीन आठवडे उरले असताना आला. ‘पी’ (पियानोची खूण) दिसला की त्याचे दोन्ही हात मऊ पडायचे. गायक तोंड उघडतो आणि कुणीतरी माइक बंद करतं, तसं. वर त्याच्या प्रतीत कुण्या संपादकानं आवाज चढवण्या-उतरवण्याच्या खुणांचं जंगल माजवलेलं, आणि हा इमानदारीनं प्रत्येक खूण पाळत होता. शेवटी मी व्हाइटनर काढला आणि दोन पानं साफ केली. मग ताफ्याला लाल पेन्सिल, एकट्याला निळी. अजूनही मी सगळ्यांना हेच करायला लावते. प्रेस्टोत, म्हणजे शेवटच्या वेगवान भागात, तो घसरला तो घसरलाच, पण पहिला भाग ऐकण्यासारखा झाला.

दुसरी चूक अँडान्टेतली, म्हणजे मधल्या संथ भागातली. डाव्या हाताचा एकच नमुना जवळजवळ शेवटपर्यंत चालतो, त्यावर उजवा हात लांबलचक नक्षी काढतो. ही नक्षी बाखनं सुरासुरानं लिहून दिलीय, तरी मंडळी त्यात आपल्या पदरच्या मुरक्या घालतात. नाहीतर उजव्या हाताला भाव आला की डावा लंगडायला लागतो. माझा उपाय कंटाळवाणा आहे: आठवडाभर फक्त डावा हात वाजवायचा, वरची सुरावट तोंडानं म्हणायची. लाज वाटते? दार लावून घ्या.

बाकी किरकोळ. पहिल्या भागावर वेगाची खूणच नाही, म्हणून तो शर्यतीला सोडू नका. सगळ्यात अवघड ओळ ज्या वेगात स्वच्छ निघते, तोच तुमचा वेग. पेडलवरून पाय काढा. शेवटच्या ओळीत रेंगाळू नका.

आणि प्रेस्टोसाठी कुठलं बोट कुठे, ते पहिल्याच दिवशी लिहा. ‘वाजवता वाजवता बसेल’ म्हणणाऱ्या एकीची प्रत माझ्या कपाटात पडून आहे, अजून कोरी.