‘पाय दुखतात’ एवढंच डॉक्टरांना सांगू नका

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं ब्लाऊज शिवायचं काम आहे. एकवीस वर्षं पायाच्या मशीनवर बसले. पोटऱ्या दुखायला लागल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आगं, मशीन मारून मारून दुखत असतील, दुसरं काय!" पुढं ल्युपस निघाला, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार, आणि मग पायात काहीही झालं तरी ते ल्युपसच्या नावावर जायला लागलं. डॉक्टरांपुढं बसलं की मी म्हणायची, "पाय दुखतात." एका दवाखान्यात उत्तर मिळालं, "टेन्शन घेऊ नका." मी घेतलं नाही, पण पाय काही गप बसले नाहीत.

चूक थोडी माझीही होती. गिऱ्हाईक नुसतं "ब्लाऊज बसत नाही" म्हणालं तर मी काय उसवणार? मुंढा काचतोय, गळा उघडतोय का बाही चढत नाही, हे कळल्याशिवाय कात्री लावता येत नाही. पायांचंही तसंच. म्हणून मापांच्या वहीचं मागचं पान घेतलं आणि दोन आठवडे रोज रात्री लिहिलं: कुठं, कधी, किती वेळ, चालल्यावर बरं वाटलं का वाढलं, त्या दिवशी नवीन गोळी कोणती. तुम्हीही आधी एवढंच करा. मला त्यात चार वेगळ्या गोष्टी सापडल्या.

पहिला गोळा, म्हणजे वांब. पोटरी दगडासारखी होते आणि माणूस झोपेतून किंचाळून उठतो. गुडघा सरळ ठेवून पायाचा पंजा स्वतःकडे ओढायचा. हात पोचत नसेल तर ओढणी तळव्याखालून घालून दोन्ही टोकं खेचा. झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून, एक पाय मागं, टाच जमिनीवर, ३० सेकंद ताण द्या. प्रत्येक पायाला तीन वेळा. वारंवार येत असतील तर पोटॅशियम, कॅल्शियम आणि थायरॉईड तपासायचं का ते विचारा. स्टिरॉइड आणि पाणी काढायच्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरू शकतं.

दुसरं लवणं. डोळा लवतो तशी पोटरी लवते. दिसतं, पण दुखत नाही. जागरण, चहा, दमणूक, बहुतेक वेळा कारण एवढंच असतं. मी याला उगीच घाबरले होते. लवण्याबरोबर ताकद कमी होत असेल किंवा एक पोटरी बारीक दिसायला लागली असेल, तर मात्र दाखवाच.

तिसऱ्यानं मला खरं छळलं. रात्री आडवं झालं की पायात किडे वळवळल्यासारखं व्हायचं. उठून चार फेऱ्या मारल्या की शांत, परत पडलं की परत सुरू. संध्याकाळनंतरच जास्त आणि हलवल्यावर बरं, ही याची खूण. याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात आणि पुष्कळदा याच्या मुळाशी शरीरातल्या लोहाचा साठा असतो. माझं हिमोग्लोबिन १२.१ होतं, म्हणून कुणी पुढं बघितलंच नाही. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची तपासणी, केलं तर १९ निघालं. लॅबच्या कागदावर तेही ‘नॉर्मल’ होतं! पण या त्रासात साधारण ७५ पर्यंत असलं तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. आपल्यासारख्या ल्युपसवाल्यांसाठी आणखी एक गोम आहे. शरीरात दाह असला की फेरिटिन खोटंच वर दिसतं. म्हणून त्याच्या जोडीला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, ही लोहाचीच दुसरी तपासणी, करायची का, हे नक्की विचारा.

लोहाची गोळी स्वतःच्या मनानं सुरू करू नका. दिली तर लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि चहा-दूध दोन तास लांब ठेवा. दुधावरून आठवलं: गंगावेशीत म्हैस डोळ्यांदेखत पिळून देतात ते धारोष्ण दूध मी लहानपणापासून प्यायलेली. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर ते बंद. उकळून प्या. मला याचं अजून वाईट वाटतं.

सर्दीची, खाजेची गोळीही बघून घ्या. झोप आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी, क्लोरफेनिरामिनसारख्या, ही वळवळ वाढते. माझ्या वहीतल्या सगळ्यात वाईट दोन रात्री सर्दीच्या गोळीच्याच होत्या.

चौथी जळजळ आणि मुंग्या, मोजा घातल्यासारख्या. हे नसांचं काम. बी-१२ आणि साखर बघावी लागते. "आम्ही तांबडा-पांढरा खाणारी माणसं, आम्हाला कसलं बी-१२ कमी?" असं म्हणून मी तपासणी टाळली होती. तसं काही नसतं. तळव्यांना बधिरपणा असेल तर गरम पाण्यात पाय घालण्याआधी हातानं पाणी बघा.

दुखत नाही, पण खाली बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो, जिन्यावर मांड्या साथ देत नाहीत, असं असेल तर ते वेगळंच सांगा. स्टिरॉइडनं मांड्या अशक्त होतात, आणि स्नायूंना दाह असला तरी असंच होतं. स्नायूंना इजा होतेय का हे बघायला सीपीके नावाची रक्ताची तपासणी असते. पण घाबरून स्टिरॉइड एकदम तोडू नका, ते जिवावर बेततं.

आणि चेपण्याआधी पोटऱ्या बघा. एकच पोटरी सुजलेली, गरम, लाल असेल तर तेल लावून रगडायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ल्युपसमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तासभरसुद्धा थांबू नका. दोन्ही घोटे सुजले आणि लघवीला फेस येत असेल तर मूत्रपिंडं तपासायला हवीत. तोवर मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या नकोत. पायातली ताकद खालून वर जात चालली किंवा लघवी अडली, तरी लगेच निघा.

घरात मी काय बदललं? मशीनला मोटर बसवली. चारनंतरचा चहा सोडला. सपाट कोल्हापुरी चप्पल लग्नकार्यापुरती ठेवली, रोजच्याला मऊ तळाची. रंकाळ्यावर चालायला ऊन चढायच्या आत जाते, कारण उन्हानं ल्युपस भडकतो.

लवणं चालू असताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर पोटरी कधी लवत नाही. माझ्या डॉक्टरीणबाईंनी तो व्हिडिओ आणि वहीचं पान बघितलं, आणि पहिल्यांदा फेरिटिन लिहून दिलं. आता ते ८२ आहे. वळवळ महिन्यातून एखाद-दुसऱ्या रात्री होते. लवणं आहेच, दिवाळीच्या आधी ब्लाऊजांचा ढीग पडला की जरा जास्तच.